नऊ ग्रॅमचा मी, पाच ग्रॅमचा तो

मित्रांनो, मी एक जुना रबरी किडा आहे. मासे पकडायच्या गळाला लावतात, तसला. रंगाने वांग्यासारखा जांभळा, लांबीला तुमच्या करंगळीच्या दुप्पट. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात, साच्यात झाला. माझ्या मऊ प्लास्टिकमध्ये बारीक मीठ कालवलं होतं, त्यामुळे मी अंगाने जड झालो. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी फार मत्सरी आहे. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं.

कुरिअरने मी नागापूरला गोरक्षच्या घरी आलो. गोरक्ष तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. दिवसभर लोखंड मापात बसवायचं, त्यामुळे घरीही त्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्याच पार्सलमधून आणखी एक किडा आला होता. माझ्याएवढाच लांब, पण हिरवा, आरपार दिसणारा, ओढला की ताणणारा. दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्याचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

रविवारी गोरक्षने आमची परीक्षा घेतली. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर मी नऊ ग्रॅम भरलो आणि तो पाच. मला वाटलं, मी जिंकलो. मग गोरक्षने मीटरभर उंचीची पारदर्शक नळी पाण्याने भरून उभी केली, आम्हाला सारखेच गळ टोचले आणि एकेकाला वरून सोडलं. त्याची मुलगी संस्कृती मोबाईलवर सेकंद मोजत होती. मी चार सेकंदांत तळाला टेकलो. तो मात्र नवरदेवासारखा रमतगमत अकराव्या सेकंदाला पोहोचला. आणखी एक झालरवाला किडा होता, बारा ग्रॅमचा. त्याला सहा सेकंद लागले.

"पप्पा, हा सगळ्यात जड, तरी जांभळ्याच्या मागं कसा?" संस्कृतीने विचारलं.

"नुसतं वजन बघून भागत न्हाई. झालर पान्याला आडती, मग पडाया येळ लागतो."

गोरक्षची आई रतनबाई कॉटवर उशीला टेकून बघत होती. ती म्हणाली, "माशाला घड्याळ कळतं व्हय रे?"

"घड्याळ न्हाई कळत आये, पन घाई कळती. हळू पडल त्योच मरळ धरील." असं म्हणून त्याने हिरव्याला कपड्याने पुसलं.

झालं. हिरव्याला स्वतंत्र डबी मिळाली, आत कापसाची गादी. मी आपला प्लास्टिकच्या पिशवीत, कात्रीखाली. पुढचे चार रविवार तोच धरणावर गेला. मासे आणले त्याने, हे खोटं कशाला सांगू? पण प्रत्येक वेळी संस्कृती त्याला धुऊन डबीत निजवायची, तेव्हा माझा जळफळाट व्हायचा. माझ्या अंगात एवढं मीठ, पण खाल्ल्या मिठाला जागायची संधीच मला कोणी देत नव्हतं.

आषाढात रतनबाईचं पोटाचं ऑपरेशन झालं. घरी आली, पण तिला अन्न जाईना. भाताचे दोन घास झाले की ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर ताकद कुठून येणार? गोरक्षने विचारलं, काय करून घालू?

"मरळीचं कालवण खाईन. धरनातली. तुझा बाप आनायचा तसली."

श्रावण लागायला मधे एकच रविवार उरला होता. श्रावण लागला की या घरात मासा शिजत नाही, गळसुद्धा माळ्यावर जातात. रतनबाईने उभ्या आयुष्यात श्रावण मोडला नव्हता आणि आता मोडणार नव्हती. म्हणजे मरळ मिळायची तर त्याच दिवशी.

मुळा धरणाच्या फुगवट्यावर त्या रविवारी आषाढी वारा नुसता पिसाळला होता. गोरक्षने माझी पिशवीही सोबत घेतली होती, पण गळाला लावलं अर्थातच हिरव्याला. पण वारा दोरीला फुगवून ओढायचा आणि हा पाच ग्रॅमचा शहाणा खाली जायच्या आत काठाला येऊन पडायचा. दोन तास असंच चाललं. खरं सांगतो, मित्रांनो, मला आनंद होत होता. घरी म्हातारी उपाशी आहे, हे ठाऊक असूनही होत होता. आज त्याची लाज वाटते.

शेवटी गोरक्षला नळीतले आकडे आठवले असावेत. त्याने मला बाहेर काढलं. वाऱ्याला न जुमानता मी सरळ खडकाच्या कपारीशी उतरलो. तिसऱ्या फेकीला दोरी ताठ झाली. हाताएवढी मरळ होती.

रतनबाईने वाटीभर कालवण संपवलं आणि भाकरी मागितली. लंकाबाई, म्हणजे गोरक्षची बायको, पदराने डोळे पुसत तव्याकडे वळली. गोरक्षने आईला आम्हा दोघांना दाखवलं. "येका महिन्यात हिरव्यानं चार मासे दिले, आन् आज ह्यो जांभळा कामाला आला."

"मंग दोघांस्नी येकाच डबीत ठिव की," रतनबाई म्हणाली. "त्यो बिचारा कात्रीखाली कशाला?"

ज्या गादीसाठी मी महिनाभर जळलो, तिच्यावर मला हिरव्याशेजारी निजवलं. डबीचं झाकण लागलं आणि श्रावणासाठी आम्ही पत्र्याखालच्या माळ्यावर गेलो. पहिला दिवस मी अभिमानात घालवला. चौथ्या दिवशी माझी कूस चिकट झाली. मला वाटलं, उकाडा असेल. आठवड्याने त्याची शेपटी माझ्या पाठीत रुतली. सरकावं म्हटलं तर सरकता येईना. आमची प्लास्टिकं वेगवेगळ्या जातीची होती, एकमेकांना लागली की विरघळणारी. मी इतके दिवस त्याच्या गादीवरची जागा मागत होतो, ती ही अशी होती.

श्रावण सरल्यावर गोरक्षने डबी उघडली. आत जांभळा-हिरवा एकच गोळा. संस्कृतीने खणातून हिरव्याची जुनी पिशवी शोधून मागची बारीक अक्षरं वाचली. "पप्पा, यावर लिहिलंय, दुसऱ्या प्लास्टिकजवळ ठेवू नका."

गोरक्षने गोळा तळहातावर घेतला. "येवढं मोजलं," तो म्हणाला, "पन वाचलं न्हाई."

मित्रांनो, वस्तू घरी आणाल तेव्हा तिच्या पिशवीवरची बारीक अक्षरं आधी वाचा, आणि जिची जागा तिला द्या. रतनबाई आता अंगणात हिंडते, दोन्ही वेळा जेवते. मी खिडकीत पडून तिला बघतो. संस्कृतीने त्या दिवशी गोळा काट्यावर ठेवला होता. बरोबर चौदा ग्रॅम भरला. नऊ माझे, पाच त्याचे. कुणी माझं कौतुक केलं तर आता ते त्यालाही पोहोचतं, आणि मला हेवा करायला शेजारी कोणी उरलेलं नाही.