आक्काबाईचे चार शब्द

नगरच्या एका संस्थेला मुलींच्या वसतिगृहासाठी अधीक्षिका हवी होती, आणि रुपालीला ती जागा काहीही करून मिळवायची होती. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोरी गावातच सांभाळायच्या, हे काम तिनं तिसगावजवळच्या एका वस्तीवर बरीच वर्षं केलं होतं. पण ते हंगामापुरतं. माणसं कारखान्यावरून परतली की काम संपलं. जाहिरातीत एक वेगळीच अट होती. उमेदवाराच्या कामाबद्दल एखाद्या पालकाचे चार शब्द मोबाईलवर व्हिडिओत घेऊन अर्जासोबत पाठवायचे होते.

नीट बोलतील अशा दोघीतिघी वस्तीवर होत्या. त्यांना सोडून रुपाली आक्काबाईकडे गेली. आक्काबाईचा चेहरा उन्हानं रापलेला, बोलताना आवाज कापायचा. बघणाऱ्याला पाझर फुटेल, असा हिशेब रुपालीनं मनात केला होता.

आक्काबाईची रेश्मा नववीपर्यंत रुपालीच्याच हाताखाली राहिली. हुशार पोर. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं, वयात बसत नसताना. रुपालीला हे आधीच कळलं होतं. कुणाला कळवलं असतं तर लग्न थांबलं असतं, पण वस्तीचा रोष कोण ओढवून घेणार, म्हणून ती गप्प राहिली. वर लग्नात जेवूनही आली.

"काय बोलायचं ते सांगा बाई, तेवढं मी बोलते," आक्काबाई म्हणाली.

रुपालीनं वाक्य पढवलं. रुपालीबाईंमुळं माझी पोर शिकली, पायावर उभी राहिली.

आक्काबाई जरा थांबली. "शिकली म्हनू?"

"नववीपर्यंत शिकलीच की."

आक्काबाई पुन्हा पुन्हा अडखळली, रुपाली तिच्यावर थोडी खेकसलीसुद्धा. शेवटी एकदाचं जमलं. डोक्यावरचा पदर सारखा करत आक्काबाईनं विचारलं, बरं झालं का? मग तिनं चहा टाकला.

मुलाखतीत तो व्हिडिओ भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला. मोबाईलवर जे दिसलं नव्हतं ते रुपालीला तिथं दिसलं. आक्काबाईच्या मागं, लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी टांगलेली होती, आणि बाळंतपणाला आलेली रेश्मा झोका देत होती. 'माझी पोर शिकली' हे शब्द आले आणि तिचा हात थांबला. तिनं मान वर करून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"हीच का त्यांची मुलगी?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"नाही," रुपाली म्हणाली. "शेजारची असेल कुणीतरी."

बाईंनी मान डोलावली. आईचं बोलणं फार मनापासून आलंय, असंही त्या म्हणाल्या. रुपाली हसली.

पुढच्या आठवड्यात नेमणूक झाल्याचा फोन आला. पेढे घेऊन ती वस्तीवर गेली. आक्काबाईनं पहिला पेढा देवापुढं ठेवला. आपलं बोलणं कामी आलं, हे फोनवर कळल्यापासून तिनं चार घरी सांगूनही टाकलं होतं.

रेश्मा दाराशी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत बसली होती. रुपाली तिच्यापाशी टेकली आणि घाईघाईनं सांगू लागली, की दहावीला बाहेरून बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म मी भरते, पुस्तकंही मीच आणून देते.

रेश्मानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, त्या व्हिडिओत मी दिसते का?"

"मागं दिसतेस."

"मंग त्यांनी इचारलं आसंल."

रुपालीला खोटं बोलता आलं असतं. त्या पोरीच्या तोंडाकडं बघून ते जमेना. "विचारलं. मी म्हटलं, शेजारची असेल."

रेश्माचे हात दुपट्यावर तसेच राहिले. ती चिडेल, निदान रडेल, असं रुपालीला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"बरं केलं," रेश्मा म्हणाली. "लेक म्हनला आसता तर तुमची नोकरी गेली आसती."

रुपालीची मान वर होईना. फॉर्मचं काय, एवढंच तिनं खालच्या आवाजात विचारलं. रेश्मा म्हणाली, भरा. परीक्षेच्या वेळी ती कोणत्या कारखान्यावर असेल ते मात्र तिला सांगता येत नव्हतं. मग आत चाहूल घेऊन हळूच म्हणाली, "आईला ते शेजारचं सांगू नका. ती लई मन लावून बोलली हुती."

परतताना आक्काबाई स्टँडपर्यंत पोचवायला आली. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून ती सांगत होती, की ह्या आमच्या रेश्माच्या बाई, आता नगरला मोठ्या जागेवर चालल्यात. माणसं कौतुकानं नमस्कार करत होती. रुपाली हात जोडत होती आणि पायांकडं बघून चालत होती.