नवरी विंगेत जाईपर्यंत

१. खलनायकाची एन्ट्री, ०:४८

गुड्डीने ऑर्गनच्या भात्याजवळ माइक ठेवला, त्याखाली आईच्या जुन्या लुगड्याची घडी सरकवली आणि बोट वर केलं.

तिच्या बाबांनी, टिकारामने, पाय मारला. फुस्स. मग खालच्या पट्टीत तीन जाड सूर, आणि चौथा असा की ओसरीवर दाणे टिपणाऱ्या कोंबड्या फडफडत अंगणात पळाल्या.

"झकास. कोंबड्या पण घेतल्या मी."

"कोंबड्या कायले?"

"डाकूचे घोडे करते त्यायचे."

लॅपटॉपवर तिने पंखांची फडफड आठ वेळा जोडली, वेग कमी केला, आवाज जड केला. दिघोरी गावातल्या त्या ओसरीतून घोडदळ गेलं. टिकाराम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. बत्तीस वर्षं त्याने झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवला होता. कोंबड्यांचे घोडे करणारं कोणी भेटलं नव्हतं.

२. भूत, लगेच डिस्को, २:१०

अल्बमचं नाव 'कधीच न निघालेले सिनेमे'. प्रत्येक गाणं म्हणजे एक सिनेमा: एक डाकूंचा, एक भुताचा, एक कॉलेजातला. सगळं संगणकावर केलेलं, पण प्रत्येकाच्या बुडाशी बाबांचा एक तुकडा. लहानपणी विंगेत, ऑर्गनच्या पायाशी पोत्यावर बसून ऐकलेला. पुण्यात तिने ते आठवून वाजवून पाहिले. सूर बरोबर आले. फुस्स आलं नाही. म्हणून चार वर्षांनी ती घरी आली होती, एकटीच. नवरा, मंगेश, पुण्यातच थांबला होता.

टिकारामने भूत वाजवलं. विनोदी नोकर वाजवला. गुड्डीने भुताखाली डिस्कोचा ठेका टाकला, तेव्हा तांदूळ पाखडणाऱ्या आईचं, कुंताबाईचं, सूप थांबलं.

"हे भूत वरातीत नाचून राहिलं का व?"

३. बिदाई

"आता बिदाईचं," गुड्डी लॅपटॉपकडे बघत म्हणाली.

टिकारामने गमछ्याने पट्ट्यांवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

"ते नाई येत आता."

"बत्तीस वर्षं वाजवलं ना, बाबा."

"बिदाई अशी हवेत नाई वाजत. नवरी लागते समोर. ती चालते तसं वाजवा लागते. ती विंगेत जाईपर्यंत हात उचलाचा नाई. एक डाव त्या शकुनबाईचा पदर खिळ्यात अडकला. पाव घंटा वाजवलं मी. अख्खा मंडप रडून रडून थकला, बाई काही जाईना."

"मग मी चालते समोर."

कुंताबाई बोलली, सुपातून मान वर न करता.

"चालाचं तवा चालली नाई. रजिस्टरवर सही केली अन् मंग फोन केला."

"आधी पण केला होता, माय. पंधरा दिवस आधी. बाबाच नाई आले."

टिकारामने ऑर्गनचं झाकण लावलं.

४.

(इथे बिदाईसाठी जागा सोडली आहे.)

५. माइक बंद

बस तीनची होती. गुड्डीने वायरी गुंडाळल्या. कुंताबाई ओंजळभर तांदूळ, हळकुंड आणि नारळ घेऊन आली आणि जीन्सकडे बघत थबकली.

"ओटी कशात भरू आता? खिशात?"

गुड्डीने शर्टाचा सोगा पुढे धरला. दोघी हसल्या, मग दोघींनी दोन दिशांना पाहिलं.

"बाबा, येते."

ती अंगणात उतरली. तुळशीपर्यंत पोचली असेल.

फुस्स.

तिचा हात बॅगेच्या चेनवर गेला. माइक वरच होता. तिने हात काढून घेतला आणि एक पाऊल टाकलं. एक सूर आला. ती थांबली, तर सूर तिथेच लांबत राहिला. दुसरं पाऊल टाकलं, तसा तो खाली उतरला. मागे वळून न पाहता ती फाटकापर्यंत गेली. पुढच्या पावलाला रस्ता होता.

गुड्डी फाटकाला धरून उभी राहिली.

ओळ संपली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. संपली. पुन्हा.

"जाय ना व!" आतून टिकाराम ओरडला. "पाय दुखून राहिला माया!"

"पदर अडकला, बाबा."

वळणावर बसने हॉर्न दिला. टिकारामने तोच सूर उचलला आणि परत पहिल्या ओळीवर आला.