रजेचं कारण

मी कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा-खालचा चावा जुळतो का बघायचं आणि साचा पुढे द्यायचा. एकोणीस वर्षं लोकांना दात देतेय, पण मालकांपुढे माझीच दातखीळ बसते.

आमच्याकडे रजेचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण काळ्या दगडावरची रेघ आहे: आधी संसारवाल्या. कुणाच्या मुलाला ताप आला, कुणाच्या नवऱ्याचा पाय मुरगळला, की तिचं टेबल माझ्या गळ्यात. मी बिनलग्नाची. माझ्यावाचून घरी कुणाचं काय अडणार?

मग आईला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा. मी भावाला फोन केला, तो वहिनीने उचलला.

"मुलांच्या परीक्षा आहेत हो ताई. आणि तुम्ही काय, मोकळ्याच."

मालकांकडे गेले, तर ते म्हणाले, "वहिनी आहे ना? संसारी बाई सगळं नीट करते. तू मोकळी, म्हणून तर इथे तुझ्यावर भिस्त."

घरी मोकळी म्हणून मीच थांबायचं, कामावर मोकळी म्हणून मीच थांबायचं. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण काढणारी बाई नक्की बिनलग्नाची असणार.

तीनदा मागितली रजा. तीनदा नाही. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून निघताना आईने माझा पदर धरला. "आज थांबतेस का गं?" मी तिची बोटं सोडवली आणि कामावर आले. दुपारी अर्ज लिहिला. कारण: लग्न.

मालक खुर्चीतून उठले. "अगं, काय सांगतेस! पंधरा दिवस घे, वीस घे!" एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला 'बस' म्हणाले. पलीकडच्या टेबलावर साचे ओतणारी प्लास्टरवाली धावत येऊन गळ्यात पडली. "सुटलीस गं एकदाची!" सगळ्यांनी मिळून मोठ्या पलंगाची चादर दिली.

ती चादर मी आईच्या खाटेवर दुहेरी घालून अंथरली. पाच दिवस तिला भरवलं, पुसलं, वळवलं. सहाव्या दिवशी पहाटे ती गेली. भाऊ आला, वहिनी आली, दोन दिवसांनी दोघं परतली.

रिकाम्या घराने जीव नकोसा केला. रजेच्या नवव्या दिवशीच मी कामावर गेले, जुन्याच कपड्यांत, सुजलेल्या डोळ्यांनी. प्लास्टरवालीने हातातलं काम टाकलं.

"मोडलं?"

"लग्न नव्हतंच गं," मी म्हणाले. "आई गेली माझी."

"अरे देवा! धक्क्यानेच गेली असणार. पोरीचं असं झालं तर कुठली आई तग धरेल?"

"तसं नाही. ती आजारीच होती, मी किती वेळा..."

"झाकू नकोस आमच्यापासून. त्या मेल्याचं कधी भलं होणार नाही!"

बायका भोवती जमल्या. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. मालक स्वतः बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "उरलेली रजा घे. एवढं दुःख झाल्यावर काम कसं सुधरेल?"

आई गेल्यापासून मला कुणी जवळ घेतलं नव्हतं. खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि प्लास्टरवालीच्या खांद्यावर कोसळले. त्या सगळ्या कधीच नसलेल्या नवऱ्याला शिव्या घालत माझ्याबरोबर रडत होत्या. मी आईसाठी रडून घेतलं.