पेडणेकरबाईंचा फळा आणि नववी जागा

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. भिंतीवरचे माझे भाऊबंद जन्मभर एका वर्गात राहतात. मी मात्र जाड कापडाचा, वर-खाली लाकडी दांड्या लावलेला. गुंडाळला की काखेत मावतो, आणि खिळा दिसेल तिथे शाळा मांडतो.

गिरगावातल्या एका शालेय वस्तूंच्या दुकानामागे माझ्या कापडावर काळ्या रंगाचे तीन हात चढले. रंगात बारीक, खरखरीत पूड मिसळलेली होती. फळा गुळगुळीत असून चालत नाही. खडूला धरायला काहीतरी लागते. डी.एड.च्या पहिल्या पाठाच्या आदल्या दिवशी जानकी पेडणेकर नावाच्या मुलीने मला विकत घेतले. तिच्याबरोबर तिचे वडील होते, काशीराम. ते कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. त्यांनी मला दोन बोटांत धरून चाचपले आणि म्हणाले, "कापड बरा आसा. टिकतला." कापडाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा असे.

मी टिकलो. जानकीची पेडणेकरबाई झाली. घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका मराठी शाळेत तिने तेहतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. वर्गात मोठा फळा होता, तरी मी तिच्याबरोबर असेच. मूल आठवडाभर आले नाही की बाई मला काखेत मारून त्याच्या चाळीत जायची आणि गॅलरीत मला टांगून राहिलेला धडा घ्यायची. शेजारची बिनबोलावलेली पोरेही येऊन बसत. तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

पुढे शाळेत चकचकीत पडदे आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. निवृत्तीच्या दिवशी बाईने शाल-श्रीफळ घेतले आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "हाही माझाच आहे." मग चाळीतल्या मुलांना शिकवायला मी पुन्हा कामाला लागलो. बाई शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही निवडून गेली.

माघातल्या एका शनिवारी संध्याकाळी तिने माझ्यावर सातचा पाढा लिहून घेतला. मुले दप्तरे आवरू लागली तेव्हा तो पुसला आणि त्यांच्या लक्षात राहावे म्हणून तिरप्या, टपोऱ्या अक्षरांत लिहिले : उद्या आठचा पाढा.

रविवारी पहाटे ती गेली.

तिची मुलगी अपूर्वा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्यात काम करते. दिवस-कार्य झाले, कपडे वाटले, औषधे टाकून दिली. मला मात्र तिने हात लावला नाही. मग एके दिवशी ती चित्रकलेच्या दुकानातून एक फवारा घेऊन आली. खडूची चित्रे पुसली जाऊ नयेत म्हणून चित्रकार तो मारतात. श्वास रोखून तिने तो माझ्यावर मारला, एकदा नव्हे, चारदा. अक्षर जागच्या जागी बसले. पण माझ्या अंगावर काचेसारखा थर चढला. मला दुखले नाही. फक्त त्या दिवसापासून मी फळा राहिलो नाही.

इकडे संस्थेत वेगळेच चालले होते. कार्यकारिणीत नऊ जण. येत्या जूनपासून मराठी पहिलीचा वर्ग बंद करून त्या खोलीत इंग्रजी माध्यमाचा वर्ग सुरू करावा, असा ठराव होता. चार बाजूने, चार विरुद्ध. नववी जागा पेडणेकरबाईची, ती रिकामी. तिच्यासाठी मे महिन्यात निवडणूक लागली आणि अपूर्वाने अर्ज भरला.

शाळेचे निवृत्त शिपाई अनंतकाका संस्थेचे आजीव सभासद. ते घरी आले, माझ्यासमोर उभे राहिले, डोळे पुसले आणि लगेच कामाला लागले. "बाय, तू भाषणाच्या भानगडीत पडू नको. ह्यो फळो लाव, हात जोड नि गप बस. बाईंचा अक्षर बघून लोक आपसूक मतां देतले."

"मग निवडून कोण येईल, काका? मी की आई?"

"कोण पण येवंदे! जागा घरात रवात ना!"

अपूर्वा खूप दिवसांनी हसली. तिला ते पटले नव्हते. मतदानाआधी उमेदवारांनी सभासदांपुढे बोलायचे, अशी रविवारी सभा होती; त्या सकाळी घरातून निघताना मात्र तिने मला काखेत घेतलेच.

शाळेच्या सभागृहात दीड-दोनशे सभासद जमले होते. समोरचा उमेदवार सुबोध कर्णिक, शाळेचाच माजी विद्यार्थी, आता संगणकाचे वर्ग चालवणारा. तो वाईट माणूस नव्हता. "गेल्या वर्षी मराठी पहिलीत अकरा मुलं आली," तो म्हणाला. "अकरा! मलाही वाईट वाटतं. पण शाळा भावनेवर नाही चालत, मुलांवर चालते." हे खोटे नव्हते.

मग अपूर्वाने मला खिळ्यावर लावले. सभागृहात एकदम कुजबूज झाली, मग रुमाल निघाले. ती बोलू लागली, पण तिच्याकडे कोणी पाहतच नव्हते. सगळे मला वाचत होते.

तिसऱ्या रांगेतून जयंती उठली. अपूर्वाच्या वर्गातली, आता स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र चालवते. "ए अपूर्वा, सकाळी सकाळी रडवू नको गं. सरळ सांग. माझी पोरगी जूनमध्ये पहिलीत जाणार. मराठीत घातली तर तिला इंग्लिश येणार कधी? अकरावीत आपली कशी वाट लागली होती, विसरलीस काय?"

लोक हसले. अपूर्वाने खडू उचलला आणि माझ्या रिकाम्या बाजूला टेकवला. खडू घसरला. पुन्हा टेकवला. नुसताच कर्र आवाज आला. मित्रांनो, फळ्याला लाज वाटते का, असे कोणी विचारले तर मी त्या क्षणाबद्दल सांगेन.

सुबोध हळूच म्हणाला, "बाईंना माझाही नमस्कार आहे, अपूर्वा. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. पण बाई काय म्हणायच्या ते आम्हाला पाठ आहे. तुझं काय ते सांग ना."

ती माझ्याकडे वळली. एरवी ती माझ्याकडे पाही तेव्हा फक्त आईचे अक्षर पाही. आज तिने मला पाहिले.

"काका, बाकांची दुरुस्ती चालू आहे ना? पॉलिश पेपर कुठे ठेवलाय?"

"कित्याक?" मग काकांच्या लक्षात आले. "बाय, नको गो."

"द्या."

तिने घासायला सुरुवात केली. आधी कोरा भाग, मग पाढा, मग आठचा. मी भिंतीवर हलत होतो, तेव्हा जयंती पुढे आली आणि तिने माझी खालची दांडी दोन्ही हातांनी धरली. शेवटी "उद्या" राहिले. अपूर्वा थांबली. पदराने हात पुसले, कागदाची नवी घडी घातली आणि तेही घासले. काळी भुकटी तिच्या मनगटावर सांडत राहिली.

मग तिने लिहिले. तिचे अक्षर आईसारखे नाही. ओळ खाली उतरते. पहिली : रोज एक तास इंग्रजी, फक्त बोलणे.

"आई म्हणायची, इंग्रजी पाचवीपासून पुरे," ती म्हणाली. "मला ते पटलं नव्हतं. आजही नाही पटत. अकरावीत महिनाभर मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसत होते, जयंती साक्षीला आहे. पण त्यावर उपाय मराठी वर्ग बंद करणं नाही. मूल घरच्या भाषेत वाचायला शिकू दे, विचार करू दे. आणि इंग्रजी पहिल्या दिवसापासून त्याच्या कानावर पडू दे."

तिने दुसरी ओळ लिहिली : पहिलीला सर्वांत अनुभवी शिक्षिका. "आपण पहिलीवर नेहमी नवी, तात्पुरती बाई नेमतो. पाया घालायला नवशिका गवंडी कोण लावतं?" मग तिसरी : बालवाड्यांत आपण जायचे. "अकरा मुलं आली म्हणता. आपण किती दारी गेलो होतो? मी विचारलं ऑफिसात. एकाही नाही."

"आणि एवढं करूनही मुलं नाही आली तर?" सुबोधने विचारले.

"तर पुढच्या वर्षी ह्याच फळ्यावर 'वर्ग बंद' मी स्वतः लिहीन. पण एक वर्ष मनापासून प्रयत्न करून."

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. लोक विचार करत होते. अनंतकाका माझ्याकडे न बघता निघून गेले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मतदान झाले. चार मतांनी ती निवडून आली. सुबोधने हात मिळवला आणि म्हणाला, "एक वर्ष हां. मी मोजणारेय." "मोज," ती म्हणाली. "आणि बालवाड्यांत माझ्याबरोबर चल." नंतरच्या बैठकीत ठरावाविरुद्ध पाच हात वर गेले, आणि जूनमध्ये वर्ग उघडला. जयंतीची मुलगी दुसऱ्या बाकावर बसते आणि तिचे तोंड अखंड चालू असते, दोन्ही भाषांत.

त्या वर्गात आता मी आहे. अपूर्वाने मला परत नेले नाही. घासले गेलो तिथे माझे कापड उघडे पडले आहे, धागे दिसतात. कधी कधी, वर्ग रिकामा असताना, मला बाईच्या टपोऱ्या अक्षरांची फार आठवण येते. मग घंटा होते, मुले येतात, कोणीतरी माझ्यावर तीन पायांची गाय काढते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुणाचे अक्षर तुमच्याजवळ असेल, तर वह्या जपा, पत्रे जपा, कपाटात कापूर घालून ठेवा. पण फळा जपायचा असेल, तर त्याला भिंतीवरचे चित्र करू नका. माझे कापड जुने आहे, म्हणून हात जरा हलका ठेवा, एवढेच मागतो. पुसा, आणि पुढचे लिहा.