एकसष्ट सालचा नंबर

मी डॉक्टर झालो तो अठराव्या वर्षी, इंटर सायन्सची परीक्षा द्यायच्या पाच महिने आधी, आणि तोही घासलेटच्या डब्याच्या पत्र्यावर. यात माझा काडीचाही दोष नाही. सगळा दोष आमच्या अण्णांचा. ते फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात हेडक्लार्क होते आणि त्यांचं आयुष्याचं एकच सूत्र होतं: कागद आधी तयार ठेवावा, घटना मागून येतात.

चोपन्न सालच्या ऑक्टोबरात त्यांनी डबा कापून पत्रा सपाट केला, रंग आणले आणि मला म्हणाले, "श्याम, तुझी पाटी रंगव."

"कसली पाटी?"

"दवाखान्याची. पास झाल्यावर धावपळ नको."

खरं सांगतो, बेडकाच्या पोटात काय कुठे असतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण बेडूक काढावा तर मीच. एकदा माझी आकृती बघून प्रोफेसरांनी खरा बेडूक बसलाय समजून वही झटकली होती. त्यामुळे पाटीचे ते दोन दिवस माझे त्या वर्षातले सगळ्यात सुखाचे गेले. काळ्या पत्र्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं, कडेने लाल रेघ: 'डॉ. श्यामसुंदर अनंत तिरोडकर, एम. बी. बी. एस.' अण्णा सत्यवचनी, म्हणून शेवटी बारीक अक्षरांत 'होणार' असंही लिहायला लावलं. मुलुंडला आमची खोली तळमजल्यावर, रस्त्याच्या तोंडाशी. पाटी दारावर लागली ती सगळ्या गावाला दिसेल अशी.

तिसऱ्या दिवशी पहिला पेशंट आला. काशीराम पेडणेकर, गिरणीतून निवृत्त झालेला, दोन चाळी सोडून राहणारा मालवणी गृहस्थ.

"डॉक्टर खंय?" त्याने आईला विचारलं.

"अहो, तो अजून कॉलेजात आहे. पाटी नीट वाचा ना."

काशीरामने बोट ठेवून 'होणार' वाचलं. "होतलो मां? मग मी थांबतंय. माझो गुडघो धा वर्सां दुखता. आणखी सा वर्सां दुखलो तर काय बिघडतला?"

दुसरा कोणी बाप असता तर हसून चहा पाजून त्याला वाटेला लावलं असतं. अण्णांनी जाडजूड वही काढली. मार्चात इंटर, मग मेडिकलची वर्षं, मग हॉस्पिटलातली उमेदवारी, असा बोटांवर हिशेब केला आणि वहीत नोंद करून म्हणाले, "एक जून एकसष्ट, सकाळी सव्वानऊ. वेळेवर या." गुडघा निम्मा बरा झाल्यासारखा काशीराम परत गेला.

मग काय, रीघच लागली. हा डॉक्टर सुई टोचत नव्हता, कडू औषध देत नव्हता, काही चिंता असेल तर ती एकसष्ट सालापर्यंत वहीत राहत होती. संक्रांतीपर्यंत एकेचाळीस पेशंट झाले. आणि माझी वाट लागली. घरोघरच्या पोरांना अभ्यासाला बस म्हणणारा एक बाप असतो, मला एकेचाळीस होते. ओट्यावर जरा कॅरमला बसलो की समोरून हाक येई, "डॉक्टर, माझ्या मूळव्याधीचं काय?" शेजारच्या जानकीकाकू सकाळ-संध्याकाळ माझ्या टाळूवर ब्राह्मीचं तेल थापत आणि म्हणत, "चोळून घे रे. माझं पित्त तुझ्या डोक्यावर अवलंबून आहे."

रविवारी तर सगळे दाराबाहेरच्या बाकावर बसून माझी प्रगती ऐकत. अण्णा उभे राहून वाचून दाखवत: इतके धडे झाले, इतके बाकी. सहामाहीत प्राणिशास्त्रात मला शंभरात एकतीस मिळाले. काशीराम त्या दिवसापासून दुप्पट लंगडायला लागला.

मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. पाट्या रंगवायच्या होत्या, मोठमोठ्या, दुकानांच्या, नाटकांच्या. हे मी अण्णांना सांगू शकत नव्हतो. एका माणसाचा भ्रमनिरास करणं सोपं असतं, पण एकेचाळीस माणसांचे गुडघे, पित्तं आणि मूळव्याधी कुठे नेऊन ठेवणार?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, अण्णा कचेरीत असताना, चित्र काढायला कोरा कागद हवा म्हणून मी ती वही उघडली. पहिलं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. काशीराम पहिला पेशंट, म्हणजे त्याचा नंबर एक असणार, असं मी धरून चाललो होतो. काशीरामचा नंबर दोन होता.

क्रमांक एक: अनंत विठ्ठल तिरोडकर, वय एकोणपन्नास. तक्रार: जिना चढताना छातीत कळ, डाव्या हातापर्यंत जाते. वेळ: एक जून एकसष्ट, सकाळी नऊ.

नोंदीची तारीख पाटी रंगवायच्या चार दिवस आधीची होती. म्हणजे आधी कळ आली होती, पाटी मागून.

एकतीस मार्कवाल्यालाही त्या ओळीचा अर्थ कळतो. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि हा माणूस रोज तिथे चढत होता, मी पास होईन या भरवशावर. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

ते घरी आल्या आल्या मी म्हटलं, "अण्णा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला."

"घरचा डॉक्टर होत असताना बाहेर कशाला?" त्यांनी शांतपणे टोपी खुंटीला लावली. "शिवाय माझी तारीख यायचीय. मीच मध्ये घुसलो तर बाकीच्या चाळीस जणांना काय तोंड दाखवू?"

आई रडली, भांडली, जेवली नाही. अण्णा ढिम्म. कायद्याच्या माणसाला कायद्यानेच धरावं लागतं, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. ब्राह्मीचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाकावर नेहमीची मंडळी जमली होती. मी आईचा पांढरा टॉवेल खांद्यावर टाकला, टेबलामागे बसलो, वही उघडली आणि पुकारा केला, "डॉक्टरांच्या सोयीसाठी तारीख अलीकडे घेतली आहे. क्रमांक एक!"

अण्णा उठले. कोटाची बटणं लावली, चपला दाराशी काढल्या, स्वतःच्याच घरात विचारून आत आले.

"येऊ का, डॉक्टर?"

"बसा," मी म्हटलं. मग वही पुढे ओढून विचारलं,

"कधीपासून दुखतंय?"

"गणपतीपासून. तुम्हाला सांगायचं राहून गेलं." अठरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं होतं. मनगट पुढे केलं. नाडी मला सापडली नाही, पण मी हात धरून बसलो. तो असा मी लहानपणानंतर कधी धरला नव्हता.

"उद्या सकाळी स्टेशनजवळच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. मी चिठ्ठी देतो. जिने बंद. विडी बंद."

"बरं. आणखी काही पथ्य?"

आता नाही तर एकसष्ट सालीच, असं मनाशी म्हटलं आणि बोलून टाकलं.

"मुलाला डॉक्टर करायचं नाही. त्याने छातीवर ताण येतो. त्याच्याही आणि तुमच्याही."

अण्णांचे डोळे भरले, पण ते पेशंट होते, उलट बोलायची पद्धत नव्हती.

"किती दिवस पाळायचं?"

"जन्मभर."

"लेखी द्या," ते म्हणाले. मी लिहून दिलं आणि खाली सही केली, जशी पाटीवर केली असती तशी, लाल रेघेसकट.

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे अंथरुणावर झोपवलं. आणखी उशीर केला असता तर काही खरं नव्हतं, असं ते आईला म्हणाले. मी मार्चात इंटरला बसलो आणि सरळ नापास झालो. अण्णांनी निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही. पथ्य म्हणजे पथ्य. बाकीच्यांचे नंबर त्यांनी रीतसर चिठ्ठ्या पाठवून रद्द केले. काशीराम तेवढा भांडायला आला, मोठ्या ताडताड पावलांनी. लंगडायचं तो रागाच्या भरात विसरला होता.

मेअखेरीला अण्णा तपासणीहून परत आले ते काखोटीला एक भलामोठा पत्रा मारून.

"त्या डॉक्टरांची पाटी बघितलीस? अक्षरं दारुड्यासारखी झुकलीयत. मी म्हटलं, आमचा श्याम करून देईल." त्यांनी पत्रा भिंतीला टेकवला आणि कोटाच्या खिशातून एक नवी वही काढली. पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर एक होता. खाली वाण्याचा, पिठाच्या गिरणीचा आणि जानकीकाकूंच्या जावयाचा नंबर आधीच लागला होता.

"आणि ऐक, चित्रकलेच्या सरकारी परीक्षा असतात, सप्टेंबरात. उद्यापासून पहाटे चारला उठायचं. पहिला नंबर आला पाहिजे."

"अण्णा, तुमचं पथ्य!" मी ओरडलो.

त्यांनी पाकिटातून माझी चिठ्ठी काढली. घडीवर झिजली होती, इतक्यांदा उघडलेली. चष्मा लावून त्यांनी ती अक्षर न् अक्षर वाचली.

"यात डॉक्टर करायचं नाही एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "चित्रकाराबद्दल एक शब्द नाही."

मी पहाटे चारला उठलो. खरं तर साडेतीनलाच जाग आली होती.