आधी रेडिओ बंद करा, काका

सकाळपासून मेकॅनिकने रेडिओ केंद्राचा तोच नंबर छत्तीस वेळा फिरवला होता, आणि छत्तीसही वेळा एंगेज. "लागेल, लागेल," असं तो बायकोला सांगत होता. ती त्याचं कशाला ऐकतेय! ती रेडिओ ऐकत होती.

जन्मभर या माणसाने लोकांचे मुके झालेले रेडिओ बोलते केले, आणि घरात बायकोच गप्प झाली. दोन वर्षांत तिला सगळ्याचा विसर पडला. नवऱ्याला ओळखत नाही, पोटच्या मुलीला ओळखत नाही. ओळखते फक्त एक आवाज: शहरातल्या केंद्रावरून रोज दहा ते बारा श्रोत्यांशी फोनवर गप्पा मारणाऱ्या भाऊचा. भाऊ बोलायला लागला की ती तोंड उघडते, भाऊ हसला की हसते. त्या दोन तासांत मऊ भाताचे जे काय चार घास जातील तेवढेच. एरवी दिवसभर ओठ घट्ट मिटलेले. काय म्हणावं या नशिबाला!

आणि आता भाऊ एफएमवर निघाला होता. एक तारखेपासून एएम बंद. आजचा विषयच तो. जास्त लोक नको म्हणाले तर मी वर कळवीन, असं भाऊने कबूल केलं होतं.

"काय स्वच्छ येतो हो आवाज एफएमवर!" एक बाई म्हणाली. "ती खरखर जाणार, सुटलो बुवा," एक टॅक्सीवाला म्हणाला.

"तुमचं काय जातंय म्हणायला?" मेकॅनिक रेडिओवरच खेकसला. शहर आणि गावामधला डोंगर एएम ओलांडतं, एफएम ओलांडत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? एफएम पकडायला पाण्याच्या टाकीवर चढून त्याने बांबूला तार बांधली होती, गुडघा फोडून घेतला होता. नुसतं फुस्स. मुलगी म्हणाली, "बाबा, मोबाइलवर लावा ना." डोंगराआड मोबाइलवर भाऊ तोतरा होतो. टेप करून लावलं, तर शिळं बाईसाहेबांना लगेच कळलं, वाटी भिंतीवर. आता काय तो हा एकच फोन. नीट सांगितलं तर भाऊ ऐकेल, माणूसच आहे तो.

सदतिसाव्यांदा लागला.

"बोला काका! पण आधी तुमचा रेडिओ बंद करा, शिट्टी वाजतेय."

हे वाक्य मेकॅनिक रोज ऐकायचा. पण तेच आपल्यालाही ऐकावं लागेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "भाऊ, बंद नाही करता येणार, माझी बायको—"

"काही कळत नाहीये, काका. आधी रेडिओ!"

त्याने बटण फिरवून रेडिओ बंद केला. "भाऊ, एएम बंद करू नका, पाया पडतो तुमच्या. ही फक्त तुमचा—"

तेवढ्यात ती किंचाळली. एक किंकाळी संपतेय तोवर दुसरी, घसा फाटेपर्यंत. "अगं थांब गं, दोन मिनिटं! तुझ्यासाठीच चाललंय ना हे!" त्याने तिच्या तोंडाकडे हात नेला, तिने कडकडून चावा घेतला.

"काका, अजून चालूच आहे तुमचा रेडिओ!"

"रेडिओ नाही हो तो, बायको आहे माझी, बायको—"

फोन कट झालेला होता.

त्याने रेडिओ लावला. भाऊ खो खो हसत होता. "ऐकलीत ना मंडळी ही खरखर? काका काय म्हणाले देव जाणे, पण त्यांच्या सेटने सांगितलं सगळं. चला, काकांचं मत एफएमला!"

भाऊ हसला, तशी ती गप्प झाली. मग तीही खुदकन हसली आणि तिने तोंड उघडलं.

मेकॅनिकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण बाराला वीसच मिनिटं उरली होती. रिसीव्हर तसाच लोंबकळता सोडून त्याने घाईघाईने चमचा भरला.