थांबवलेली दाढ

“आता यात भरू तरी काय, काका?” दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या तोंडातून छोटा आरसा बाहेर काढला. “चार भिंती असल्या तर खोली म्हणायची. इथे दीडच उरलीय. काढावीच लागेल.”

काका हातातली डबी उघडून उभे होते. डबीत पांढरी पूड आणि अंगठ्याएवढी बाटली. एकवीस वर्षांची नोकरी त्या डबीत मावली होती. वर थोडी जागाही शिल्लक होती.

काका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. दातात भरायचं सिमेंट कालवायचं, त्याच्या चकत्या पाडायच्या, त्या कोमट पाण्यात ठेवून पाण्यात फ्लोराइड किती उतरलं ते मोजायचं आणि शेवटी त्याच चकत्या यंत्राखाली चिरडायच्या, असं त्यांचं विधायक काम. फ्लोराइड पाझरत राहिलं की आजूबाजूचा दात सहसा किडत नाही. पण सिमेंटचा स्वभाव माणसासारखा. जे भरभरून देई, त्याचा पहिल्याच दाबात भुगा होई. जे दणकट, ते कुणाला काही देत नसे. साहेब बदलले, यंत्रं बदलली, सिमेंट बधलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी काकूंच्या दाढेला तिळाएवढं भोक पडलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “उद्या जाऊन भरून घेते हो.”

“बाजारातलं? माझ्या बायकोच्या तोंडात दुसऱ्याचा माल? जरा थांब. आपलं होतच आलंय.”

काकू थांबल्या. मधूनमधून काका विचारत, “दुखतंय का गं?”

“थोडंसं. तुमचं झालं का?”

“थोडंसं राहिलंय.”

गेल्या महिन्यात ते खरोखरच झालं. चकती दाबाला पुरून उरली आणि फ्लोराइडही सोडत राहिली. ते माणसाच्या दातात भरायच्या परवानगीचा कागद परवा हाती पडला आणि आज काका काकूंना घेऊन आले होते.

डॉक्टरीणबाई सुई भरता भरता म्हणाल्या, “तुमची दाढ मी भरली ना, काका, तेव्हाच काकूंना आणायचं होतं.”

तोंडात कापूस असल्यामुळे काकूंना बोलता आलं नाही. त्यांनी फक्त डोळे काकांकडे वळवले. काकांनी डबीचं झाकण लावलं. ते लगेच बसलं, तरी पुन्हा दाबलं.

दाढ निघाली. बाहेरच्या बाकावर बसल्यावर काकूंनी बधिर ओठांनी विचारलं, “तुमची कधी भरलीत?”

“सहा वर्षं झाली. बाजारातलंच घातलं. फार ठणकत होती गं.”

“हो का,” काकू म्हणाल्या. “ठणकते खरी.”

काकांनी दाढ मागून घेतली होती. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी ती कोरून साफ केली, पडलेल्या भिंती नव्या सिमेंटने उभ्या केल्या, घासून चकचकीत केल्या. इतकं सुबक काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. मग दाढ कोमट पाण्याच्या बरणीत ठेवली.

आठवड्याने त्यांनी पाणी तपासलं. फ्लोराइड भरपूर उतरलं होतं. शेजारच्या दातांनाही पुरलं असतं. बरणीत दाढेच्या शेजारी पाणीच होतं.